उतारावरचा हत्ती

माझी बायको गिरजा सगळं वितीनं मोजायची. लुगडं, दोरी, चुलीचं तोंड, शेतातली पऱ्हाटी किती वाढली ते. घरात लेकीच्या शाळेची लाकडी पट्टी होती, पण तिच्यावर गिरजाचा भरवसा नव्हता. "पट्टी कोनाची? दुकानदाराची. हात आपला हाय," म्हणायची. हात तसा लहानच. अंगठा टेकवायची, करंगळी ताणायची, मग करंगळीच्या जागी अंगठा आणायची आणि पुढं. पानावर अळी चालते तसा तो हात चालायचा. लग्न होऊन चार-पाच दिवस झाले असतील, ती आमच्या घराची चौकट अशी मोजून राहिली होती. मी विचारलं, कशाला मोजतेस. म्हणाली, "मावते का पाह्यते." काय मावतं ते सांगितलं नाही.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, भीमपूरच्या अंगाला, पैनगंगेच्या काठी. पलीकडं महाराष्ट्र, तिचं माहेर तिकडंच. माझी आई जहाल होती, ते सगळ्या गावाला माहीत. पहिल्याच सालात एका दुपारी गिरजा उतारावरून नदी ओलांडून माहेरी निघून गेली. आमच्याकडं नदीत जिथं पाणी कमरेखाली राहतं, बैलगाडी जाते, त्या जागेला उतार म्हणतात. आठवड्यानं आपली आपण परत आली. बापानं आणून सोडली नाही, मी आणायला गेलो नव्हतो. आईनं विचारलं, "काऊन आली?" तर म्हणाली, "झोप झाली." आणि चुलीपुढं बसली. पण गावात नाव पडायचं ते पडलं. पाण्याला गेली की बाया म्हणायच्या, "आली पळनारी." माझी आई मरेपर्यंत म्हणत होती. गिरजा उलटून बोलायची नाही. घागर भरायची आणि यायची.

पुढं ऐंशीच्या पुढच्या सालात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत वानखडे गुरुजी भाड्यानं राहायला आले. मराठी शाळेत इतिहास शिकवायचे. माणूस उंच, शांत, कपडे धुतलेले. बौद्ध होते, म्हणून माझा चुलतभाऊ येऊन बडबड करून गेला की घर बाटवलं. गिरजा भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "भाऊजी, तुमच्या घरी कोनी पुस्तक वाचते का? नाही ना. मंग एक आमच्या घरी तरी राहू द्या." तो विषय तिथंच संपला.

गुरुजींना एक नाद होता. हैदराबादला ट्रेनिंगला गेले तेव्हा रस्त्यावर जुनी पुस्तकं विकतात, तिथून त्यांनी एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. त्यात साहेब लोक मेजावर शिशाचे शिपाई मांडून जुन्या काळच्या लढाया खेळतात, त्याचे फोटो. नुसतं मांडणं नाही. पायदळ किती चालतं, घोडं किती धावतं, डोंगर चढताना किती कमी, कुणी कुणावर चालून गेलं तर काय होतं, सगळ्याचे नियम. गुरुजींनी ते नियम सोपे करून मराठीत आणले. आता आमच्या गावात शिशाचे शिपाई कुठून येणार. म्हणून एका बाजूचं पायदळ म्हणजे चिंचोके, दुसऱ्या बाजूचं सीताफळाच्या बिया. घोडे म्हणजे एरंडीच्या बिया, एका फौजेच्या घोड्यांना चुन्याचा ठिपका. फाशांऐवजी कवड्या. बाजेवर जुन्या दाराची फळी टाकायची, तिच्यावर वाकळ दुमडून डोंगर करायचे, वरून पोत्याचं कापड. झालं रणांगण. यादवांची फौज, दिल्लीची फौज, गोंड राजाची फौज. गुरुजी सांगायचे एक चिंचोका म्हणजे एक तुकडी. गिरजा शेवटपर्यंत म्हणायची एक चिंचोका म्हणजे एक माणूस.

आधी मला बसवलं. मी चौथी शिकलेला. हंगामात आदिलाबादच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी वाहायच्या, बाकी वेळ शेती. मला वाटलं गुरुजी एकटा राहून बिघडला. पण रविवारी दुसरं काम काय, बसलो. पायदळ एका खेपेला एक वीत, घोडदळ दोन विती, असा नियम. गिरजा दारात सरकी निवडत बसली होती. बघता बघता म्हणाली, "गुर्जी, हे बराबर नाही. तुमची वीत लांब, आमच्या यायचा हात जाडा. तुमची फौज जास्त चालून राह्यली."

गुरुजी थांबले. म्हणाले, "मग कुणाची धरायची, वहिनी?"

"ज्याचा हात सगळ्यात लहान त्याची. लहान हातानं मोजलं तं कोनी रडत नाही."

घरात सगळ्यात लहान हात तिचाच. मग प्रत्येक खेपेला तिला हाक मारायची, ती येऊन हात टेकवायची, परत जायची. सरकी काही निवडून होईना. दोन-तीन रविवारांनी वैतागून म्हणाली, "अवो, सरका तिकडं. तुमाले काही येत नाही." मी सरकलो. त्यानंतर ती आणि गुरुजीच खेळले. मी चहा करायला शिकलो. गुरुजी अजूनही कधीमधी येतात, पण मी फळी मांडत नाही. मांडली तरी वीत कुणाची धरायची?

गावात टीव्ही आला तेव्हा रविवारी सकाळी सगळी गल्ली लढाया बघायला जमायची. गिरजा एकदा जाऊन आली. म्हणाली, "ते लोक मोजतच नाही. नुसते आरडतात."

हत्ती तिनंच केले होते, मातीचे. तिचा हात मातीत चांगला होता. दोन्ही फौजांचे हत्ती ओळीनं उभे केले की गुरुजी चष्मा पुसून बघायचे. एका साली पोळ्याच्या वेळी लढाई अर्धी राहिली होती. गुरुजी सणाच्या सुट्टीला जिल्ह्यातल्याच मुधोळकडं आपल्या गावी गेले, फळी तशीच झाकून ठेवली. पोळ्याला गिरजानं पूजेसाठी मातीचे बैल केले, हळद-कुंकू लावलं, आणि तिच्या मनात काय आलं कोण जाणे, फळीवरच्या हत्तींनाही लावलं. मी बघून म्हटलं, "हे काय?" तर म्हणाली, "बैलायले लावलं आन हे बिचारे पाहून राह्यले. त्यायलेही चार पाय हायेत."

आई तेव्हा जिवंत होती. तिनं फर्मान काढलं, पुजलेलं मातीचं घरात ठेवत नाहीत, बैलांबरोबर नदीत सोडा. गिरजा एका टोपल्यात दोन्ही फौजांचे हत्ती भरून घेऊन गेली आणि सोडून आली. एकच राहिला. त्याची सोंड सुकतानाच तुटली होती. खंडित वस्तूची पूजा होत नाही, म्हणून त्याला हळद लागली नव्हती, म्हणून तो वाचला.

गुरुजी परत आले, फळीवरचं कापड उचललं.

"वहिनी, हत्ती कुठं गेले?"

"नदीत."

"बुडाले?"

"बुडतील कशाले. बोळवले."

गुरुजींनी कापडाची घडी घातली. मग म्हणाले, "लढाई चालू असताना दोन्हीकडचे हत्ती एकाच दिवशी देव होऊन गेले, असं त्या पुस्तकात कुठं लिहिलेलं नाही."

"मंग तुमी लिहा," गिरजा म्हणाली.

गुरुजी हसले. ते पूजाअर्चा मानत नव्हते, पण तिला त्यावरून कधी बोलले नाहीत. नवे हत्ती करा म्हणाले, तर तिनं मान हलवली. "करीन तं पुढच्या पोळ्याले पुन्हा लावावं वाटंल." तेव्हापासून आमच्या लढायांत हत्ती तो एकच, सोंडतुटका. तो तिच्या फौजेचा सरदार झाला.

तिची खेळायची तऱ्हा वेगळी होती. समोरून घोडे आले की ती आपली माणसं मागं घ्यायची. एक जरी चिंचोका मेला, म्हणजे गुरुजींच्या पत्र्याच्या डब्यात गेला, की तिचं तोंड उतरायचं. मेलेल्यांसाठी तो डबा होता. गुरुजी सांगायचे, थोडी माणसं गेल्याशिवाय लढाई जिंकता येत नाही. ती म्हणायची, "तुमच्या घरची जाऊ द्या." एकदा तिनं सगळी फौज पार फळीच्या कडेपर्यंत मागं नेली. गुरुजी गमतीनं म्हणाले, "वहिनी, तुमची फौज मोठी पळपुटी आहे बुवा."

तिनं हातातला चिंचोका खाली ठेवला आणि आत गेली. पुढं बरेच रविवार ती बसली नाही. कापूस वेचायला बाया मिळत नाहीत म्हणायची. गुरुजींना कळेना. शेवटी एक दिवस बस थांबते तिथं मी त्यांना नदी ओलांडून गेल्याची ती गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, "मला माहीत नव्हतं." मी म्हटलं, "मी सांगितलं ते तिला सांगू नका." त्यांनी तिची माफी वगैरे मागितली नाही. बरं केलं. मागितली असती तर तिनं त्यांना परत दारात उभं केलं नसतं.

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच फळी मांडली. मधोमध धान्य मोजायची पायली पालथी घातली, तो किल्ला. एका कडेला गिरजाच्याच जुन्या निळ्या लुगड्याची पट्टी टाकली, ती नदी. पट्टीवर एके ठिकाणी खडे ठेवले, तो उतार. तिला हाक मारून म्हणाले, "वहिनी, किल्ला तुमचा. मी डोंगराकडून वेढा घालायला येतो. किल्ला राहिला तर तुम्ही जितल्या."

गिरजा दारातूनच बघत होती. "मांगून वाट हाय?"

"आहे. नदीपर्यंत."

"उतार किती मोठा?"

"एका खेपेला एकच तुकडी जाईल."

ती येऊन बसली. गुरुजींची फौज डोंगर उतरेपर्यंत तिनं किल्ला रिकामा केला आणि माणसं नदीकडं काढली. घोड्यांनी मागच्यांना गाठलं, काही डब्यात गेले, बाकी पार झाले. गुरुजींनी पायलीवर सीताफळाची बी ठेवली. "नियमानं मी जितलो."

"जिता. किल्ला घ्या, झाडून काढा आता," गिरजा म्हणाली. "दगड तुमचे, मानसं माही."

यावरून त्यांचा वाद लागला तो पुढं काही वर्षं चालला. तीच लढाई पुन्हा पुन्हा मांडायचे. ती म्हणायची माणसं वाचली म्हणजे जिंकलं. गुरुजी म्हणायचे किल्ला पडला म्हणजे हरलं. मी एकदा गुरुजींना बाजूला घेऊन म्हटलं, एकदा म्हणून टाका की तुम्ही जितल्या, तुमचं काय जातं. ते म्हणाले, "नारायणभाऊ, त्या ओळखतील." खरं होतं. गिरजा स्वतःच म्हणायची, "गुर्जी तोंडदेखलं बोलत नाही, म्हनून तं खेळते. नाही तं तुमच्याशी नसती का खेळली."

शेवटी गुरुजींनीच एक नियम काढला. किल्ल्यातले सगळेच्या सगळे, सरदारासकट, नदीपार झाले, एकही डब्यात गेला नाही, तर लढाई वहिनींची. मग किल्ल्याचं काही का होईना. गिरजा म्हणाली, "लिहून घ्या." मग हसली आणि म्हणाली, "नोको. तुमी बोलले म्हंजे झालं."

ते कधी जमलं नाही. दरवेळी मागचे दोघं-तिघं घोड्यांच्या तावडीत सापडायचे. घोडं आडवं आलं की कवड्या टाकायच्या, चारही उताण्या पडल्या तर माणूस सुटला, नाही तर गेला. चारही उताण्या पडायच्या नाहीत. ती हरायची, चिंचोके वेचायची, म्हणायची, "आज कमी मेले." सरदाराला मात्र कधी मागं ठेवायची नाही. त्याला मधल्या गर्दीतच पार करायची.

गुरुजींची बदली झाली मुधोळला. सुट्टीत येऊन एक डाव टाकून जायचे. लेकीचं लग्न झालं, ती पांढरकवड्याला गेली. आई आधीच गेली होती. मग नव्वदनंतरच्या एका हिवाळ्यात गिरजाच्या पोटात दुखायला लागलं. आदिलाबादच्या डॉक्टरनं नागपूरला पाठवलं, नागपूरच्यांनी बघितलं आणि घरी न्या म्हणाले. आणली. काय झालं होतं ते मी इथं लिहीत नाही. ज्यांनी घरात पाहिलं त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगून काय.

गुरुजी एका शनिवारी बसनं आले. बाजेवर ती होती, म्हणून मी तेलाच्या दोन डब्यांवर फळी टाकून बाजेला लावली. गुरुजी म्हणाले, "आज नको वहिनी, बसून बोलू." ती म्हणाली, "बोलायले काय हाय? मांडा." उशी लावून मी तिला बसती केली. पायली, लुगड्याची पट्टी, खडे. तिनं मोजायला हात टेकवला. बोटं ताणली गेली नाहीत. आधीच लहान हात, तो आणखी आखडला होता.

गुरुजींनी ते बघितलं. "आपण जुनी वीत धरू. मला अंदाज आहे."

"जुनी कुठं हाय आता? हाय तेच मोजा," ती म्हणाली. "तुमचे घोडे लंगडे होतील म्हनून भेता का?"

झालं तसंच. तिची माणसं हळू चालली, पण गुरुजींचे घोडेही त्याच वितीनं यायचे. त्यांना डोंगरापासून लांब यायचं होतं. उतारावरून एका खेपेला एक जायचं, त्यात काही फरक नव्हता. घोडे यायला जितक्या जास्त खेपा लागल्या तितकी तिची जास्त माणसं पार झाली. मी मोजत नव्हतो, पण दिसत होतं की आज डब्यात कुणी गेलं नाही. गुरुजींनाही दिसत होतं. दरवेळी सरदाराला मध्येच पार करणारी गिरजा आज त्याला मागंच ठेवत होती. शेवटी अलीकडच्या काठाला दोघंच राहिले, एक चिंचोका आणि सोंडतुटका. घोडे पुढच्या खेपेला पोचणार होते. पार एकच जाणार होता.

गुरुजी म्हणाले, "वहिनी, सरदाराला न्या. मागच्यासाठी कवड्या टाका. चारही उताण्या पडल्या तर तोही सुटेल, आणि लढाई तुमची."

"आन नाही पडल्या तं?"

"तर तो गेला."

"हत्ती उतारात हुबा राह्यला तं घोडे मांगून जाऊ शकतात का?"

"नाही. हत्तीला बाजूला करेपर्यंत नाही. पण आडवा उभा राहिला त्याला कवड्या नाहीत, हत्ती जाईल."

तिनं चिंचोका बोटानं ढकलत निळ्या पट्टीपलीकडं नेला. मग हत्तीला खड्यांवर ठेवला. त्याचं तोंड नदीकडं होतं. तिनं त्याला फिरवलं आणि तोंड घोड्यांकडं केलं. म्हणाली, "या आता."

गुरुजींनी घोडे आणले. हत्ती उचलला. डब्यात टाकला नाही, हातातच धरून बसले.

"काय म्हनता गुर्जी?"

"सगळे पार झाले असते तर..."

"झाले का?"

"नाही. सरदार राहिला."

"मंग म्हना ना."

गुरुजी म्हणाले, "तुम्ही हरल्या, वहिनी."

"हां," गिरजा म्हणाली, आणि उशीला टेकली. "मराले टेकली म्हनून जितवलं असतं, तं मी पुन्हा कवाच खेळली नसती तुमच्याशी." गुरुजी म्हणाले, पुन्हा खेळू. ती म्हणाली, खेळू.

गुरुजी गेल्यावर मी तिला विचारलं, कवड्या का नाही टाकल्या, एखाद्या वेळी पडल्या असत्या. ती छताकडं बघत होती. म्हणाली, "अवो, मी तवा माहेरी गेली ना, नदीतून, तं समदी वाट मान मांगं. कोनी येऊन राह्यलं का मांगून. दगडावर दोनदा पडली. मांगं कोनी आपलं हुबं असतं, तं मी सरळ पाहून गेली असती."

मी उठलो. तिला पाणी दिलं.

ती गेली तेव्हा सकाळ होती. तिसऱ्या दिवशी राख घेऊन आम्ही त्याच उतारावर गेलो. भाऊबंद होते, लेक-जावई होते, गुरुजी होते. राख सोडून झाल्यावर गुरुजींनी खिशातून त्या दिवशी नेलेला सोंडतुटका काढला आणि माझ्या हातात दिला. चुलतभाऊ म्हणाला, तिचा जीव होता ना यात, हाही सोडून दे. लेकही तेच म्हणाली. मी तो उलटापालटा करून पाहिला. म्हटलं, "याला हळद लागलेली नाही. हा बोळवायचा नाही." कुणी वाद घातला नाही. मी तो कोटाच्या खिशात ठेवला.

मग म्हाताऱ्या माणसांनी रीत सांगितली की आता पाठ फिरवायची आणि मागं न बघता घरी चालायचं. सगळे फिरले. मी फिरलो नाही. राख पाण्यावर पसरली होती आणि हळूहळू पलीकडच्या काठाकडं चालली होती. चुलतभावानं दोन हाका मारल्या, "नारायणा, चाल. पाहू नाही तिकडं." गुरुजी त्याला म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं." राख दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच पाण्याकडं तोंड करून उभा होतो.